हंसाच्या गळ्यातला आकडा

“काय गं, हंस नाचतोय का?”

मागून आवाज आला तेव्हा मी तलावाच्या भरावावर तिपाईपाशी वाकून, एक डोळा मिटून, मनातल्या मनात शिव्या घालत उभी होते. दुपारचे साडेबारा झाले होते. फेब्रुवारी सरत आलेला, ऊन चांगलंच चटके देत होतं. मान वर न करता मी म्हटलं, “नाचत नाहीये, वितळतोय.”

“वितळणारच. भर दुपारी दुर्बीण लावलीस तर मारुतीचं देऊळसुद्धा वितळलेलं दिसेल.”

वळून पाहिलं तर आप्पा मोहोळकर. काळी छत्री, पांढरा लेंगा, पायात टायरच्या वहाणा. सत्तरी गाठलेला माणूस, रिटायर्ड ओव्हरसिअर. रोज भरावावरून दोन फेऱ्या मारायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. गाव त्यांना ‘उलटे आप्पा’ म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी कुंदा झगडे. शिरसवाडीच्या पेठेतला ‘झगडे फोटो स्टुडिओ’ माझ्या वडिलांनी काढला आणि त्यांच्यामागे मी चालवला. बाई आडनावाला जागते, असं लोक म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजातले डबीर सर पक्ष्यांच्या मागे असायचे. त्या हिवाळ्यात आमच्या तलावावर राजहंसांचा थवा उतरला होता. सर त्यांना पट्टकादंब म्हणत, आम्ही आपले हंसच म्हणायचो. त्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा होता आणि पट्ट्यावर पांढरी अक्षरं. दूर मंगोलियात कुणीतरी तो पट्टा घातला होता. अक्षरं वाचली की तो हंस कुठला, कधीचा, सगळं कळणार होतं. पण हंस कुणाला जवळ येऊ देतात? सर कॉलेजची मोठी दुर्बीण घेऊन स्टुडिओत आले आणि म्हणाले, “कुंदाताई, हिला कॅमेरा जोडून फोटो मिळेल का? आकडा स्पष्ट वाचता आला पाहिजे.”

“सर,” मी म्हटलं, “पासपोर्ट फोटोत मी माणसाच्या कपाळावरच्या आठ्या मोजून देते. हंस काय चीज आहे!”

या माझ्या तोंडानं मला आयुष्यात फार फिरवलंय.

प्लंबरच्या दुकानातून पाइपाचा तुकडा आणला, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं, आणि दुर्बिणीच्या डोळ्यावर माझा छोटा कॅमेरा घट्ट बसवला. सहा दिवसांत चारशे फोटो काढले. चारशेच्या चारशे पिठल्यासारखे. हंस आहे हे कळायचं, पट्टा आहे हेही कळायचं, पण आकड्याच्या जागी नुसता पांढरा फराटा. होळीच्या आसपास हंस उडून जातात, असं सर म्हणाले होते. होळीला दहा दिवस राहिले होते.

“मग कधी लावू दुर्बीण?” मी आप्पांना विचारलं. विचारलं कसलं, खेकसलेच.

“सूर्य उगवायच्या आधी येऊन बसायचं. जमीन तापली की हवा हलते. डोळ्याला कळत नाही, भिंगाला कळतं. आणि ही तिपाई काय उंटासारखी उभी केलीयस? पाय आखूड कर. बसून बघ. मधल्या दांड्याला दगडाची पिशवी टांग.” बोलता बोलता ते थांबले. “जाऊ दे. मी कोण सांगणार.”

“थांबा की आप्पा! एकदा बघून तरी सांगा.”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “नको. सव्वीस वर्षांत दुर्बिणीला डोळा लावला नाही मी.”

सव्वीस वर्षं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, गावाला सगळ्यालाच ठाऊक होतं. तलावातून खालच्या रानात पाणी न्यायला चारी काढायची होती. आप्पांनी मोजणीच्या दुर्बिणीतून उतार मोजून आखणी दिली, तशी खोदाई झाली, नारळ फुटला, दार उघडलं, आणि पाणी अर्ध्या वाटेत जे थबकलं ते पुढे सरकेना. उलट मागे फिरून तलाठ्याच्या अंगणात शिरलं. मोजणी झाली होती नेमकी धुळवडीच्या दिवशी. झालं! गावाला आणखी पुरावा कशाला हवा? ओव्हरसिअर घेऊन मोजत होता, असं ठरून गेलं. दोन वर्षांनी दुसऱ्या ओव्हरसिअरनं शेजारून नवी चारी काढली, तिला पाणी आलं, रानं भिजली, सगळे विसरले. आप्पांना तेवढं कुणी विसरलं नाही. कोरड्या चारीत पोरं क्रिकेट खेळायला लागली आणि तिला नाव पडलं ‘धुळवड चारी’.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भरावावर गेले तर आप्पा आधीच येऊन बसलेले. शेजारी दगडांची पिशवी, हातात गोणपाट.

“गोणपाट कशाला?”

“गुडघ्याखाली. तू काय बाई उभ्यानं लढाई करतेस.”

उजाडलं. पाणी असं निवांत होतं की हंसांची बोटं मोजावीत. मी कॅमेरा काढून दुर्बीण तशीच फिरवली, हिरवा पट्टा शोधला आणि आप्पांना म्हटलं, “या. कुणी नाहीये बघायला. मीसुद्धा तोंड फिरवते.”

त्यांनी भरावावर दोन्हीकडे नजर टाकली. मग छत्री खाली ठेवली, चष्मा काढून खिशात घातला, गोणपाटावर गुडघा टेकला. दुर्बिणीला हात लावला नाही. नुसता डोळा नेला.

“एच,” ते म्हणाले. “चार. सहा.”

“नक्की?”

“एच सेहेचाळीस. लिहून घे.” उठले तेव्हा चेहरा असा फुलला होता की मला त्यांचं लग्नातलं रूप दिसलं. “अजून दिसतं गं मला! काय स्वच्छ दुर्बीण आहे!”

मीही मग अर्ध्या तासात शंभर फोटो काढले, पण बटण दाबताना हात लागायचा आणि सगळं हलायचं. त्यातच वारं सुटलं. पण फोटोची आता गरजच काय? मी भरावावरूनच डबीर सरांना फोन लावला आणि आकडा सांगून टाकला.

इथे दुसऱ्यांदा माझं तोंड नडलं.

तिसऱ्या दिवशी मी स्टँडवर रघूच्या हॉटेलात चहा पीत होते. सकाळची गर्दी. सरांचा फोन आला. रेंज नव्हती म्हणून मी ओरडत होते आणि पलीकडून तेही ओरडत होते.

“कुंदाताई, मंगोलियातून उत्तर आलं. एच सेहेचाळीस दोन वर्षांपूर्वीच मेला. त्याचा पट्टा त्यांच्या कपाटात आहे!”

“मेला? अहो, कसा मेला? आप्पांनी स्वतः वाचला की!”

एवढं माझ्या तोंडून गेलं आणि अख्ख्या हॉटेलानं कान टवकारले. मग रघूनं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, “म्हणजे आप्पांनी मेलेला हंस वाचला?”

हशा पिकला. कुणी म्हणालं, आता धुळवडीचीसुद्धा वाट बघत नाहीत वाटतं. कुणी म्हणालं, पाणी उलटं गेलं, आता हंसही परलोकातून उलटा आला. मी दोघातिघांना झापलं, पण हसणाऱ्याला झापलं की तो जास्त हसतो. दुपारपर्यंत गिरणीत, सोसायटीत, शाळेच्या कट्ट्यावर तोच विषय. मला माझीच जीभ चावावीशी वाटली. इतक्या वर्षांनी माणसानं दुर्बिणीला डोळा लावला आणि मी त्याचा तमाशा केला.

संध्याकाळी मी मोहोळकरांच्या घरी गेले. सुंद्राकाकू, म्हणजे आप्पांची बायको, ओट्यावर लसूण सोलत होत्या. बाई लहानखुरी, पण आवाज खणखणीत.

“ते पडलेत आत भिंतीकडे तोंड करून,” त्या म्हणाल्या. “जेवले नाहीत. गिरणीत मला सगळं कळलं.”

“काकू, चूक माझी आहे. मी बोलायला नको होतं.”

“तुझी कसली? आकडा तू वाचलास?” त्यांनी एक पाकळी सुपात टाकली. “कुंदा, दर धुळवडीला हे घरी आले की मी उंबऱ्यात उभं करून त्यांचं तोंड हुंगते. ठाऊक आहे ना गावाला?”

ठाऊक होतं. गाव त्यावरही हसायचं.

“कधीच वास आला नाही. एकदासुद्धा नाही. पण त्या वर्षी मी माहेरी होते गं. त्या एका दिवशी हुंगलं नव्हतं.” त्यांनी लसणाचं सूप बाजूला सारलं. “हे म्हणतात घेतली नव्हती. मी म्हणते, बरं. पण आतून म्हणायला जमत नाही. काय करू?”

आतून खाट करकरली. आप्पा दारात आले. विजार चुरगळलेली, केस उभे. “मी सेहेचाळीसच वाचला,” ते म्हणाले. “तेव्हा चुकलं असेल काहीतरी, पण मी वाचतो ते बरोबर वाचतो. कुंदा, तू फोटो काढ. फोटो खोटं बोलत नाही ना?”

“नाही आप्पा.”

“मग काढ. मेला-जगला ते त्यांच्या कपाटाला विचारू. फोटोत सेहेचाळीस आला की या बाईला दाखव आणि रघूच्या हॉटेलात भिंतीला लाव.”

“आणि नाही आला तर?” सुंद्राकाकूंनी विचारलं.

आप्पा परत आत वळले.

झालं, मी कंबर कसली. डबीर सरांना सांगितलं, होळीपर्यंत मला वेळ द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे हंस पलीकडच्या काठाला. तिथे जाऊन तिपाई मांडली तर चिखलात एक पाय हळूहळू खचला. आप्पांनी घरून तीन फळीचे तुकडे आणले, प्रत्येक पायाखाली एक. “आता पाच पावलं लांब हो,” ते मला म्हणाले. “तू जवळ चाललीस तरी जमीन हलते.”

“मी एवढी जाड नाहीये!”

“उतार मोजायची आमची लेव्हलची दुर्बीण असायची, तिच्याजवळ उंदीर चालला तरी आम्हाला कळायचं. लांब हो.”

बटणाला हात लावायचा नाही, हे मला स्वतःलाच सुचायला हवं होतं. वडील होते तेव्हा घरच्या लग्नातले ग्रुप फोटो मी दहा सेकंदांच्या टायमरवर काढायचे, म्हणजे मला पळत जाऊन वडिलांच्या शेजारी उभं राहता यायचं. टायमर लावला. दाबलं, हात काढला, मागे सरले, मग दोघं श्वास धरून उभे. दहा सेकंदांत हंसानं मान पाण्यात घातली. पुन्हा लावला. हंस वळला. पुन्हा लावला, तर मधे एक टिटवी येऊन उभी राहिली आणि टिटवीचा असा झकास फोटो निघाला की डोळ्यातलं बुबुळ दिसावं.

“टिटवीचा नको होता,” आप्पा गंभीरपणे म्हणाले. मला असं हसू फुटलं की हंस दचकून उडाले आणि तो दिवस वाया गेला.

पण हसतानाच मला कळलं होतं की गणित सुटलंय. टिटवी एवढी स्वच्छ आली म्हणजे हंसही येणार. घरी जाऊन मी टायमर दोन सेकंदांवर आणला, दुर्बिणीचं मोठं करण्याचं कडं पार कमीवर ठेवलं आणि ठरवलं, आधी नुसत्या डोळ्यानं पट्टा काटेकोर जुळवायचा, मगच कॅमेरा चढवायचा. त्या दिवसापर्यंत मी हे सगळं उलट क्रमानं करत होते. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे उलटी तूही आहेस.” सव्वीस वर्षांत त्यांनी तो शब्द स्वतःहून उच्चारला असेल असं मला वाटत नाही.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी वारं पडलेलं. हंस आमच्यापासून शे-दीडशे पावलांवर, काठावरच्या हिरवळीत चरत होते. मी पट्टा जुळवला, कॅमेरा बसवला, बटण दाबून मागे झाले. टिक. पुन्हा. टिक. अकरावा फोटो. हंसानं मान ताठ केली आणि आमच्याकडे अशी आडवी धरली की जणू पैसे देऊन फोटोला बसलाय. टिक.

मी कॅमेरा काढून घेतला, ओढणी डोक्यावर घेऊन त्या अंधारात पडद्यावर फोटो मोठा केला. पीस न् पीस मोकळं दिसत होतं. चोचीवरचा चिखलाचा ठिपका दिसत होता. आणि हिरव्या पट्ट्यावर पांढरंशुभ्र, छापल्यासारखं: एच. चार. नऊ.

मी पुन्हा मोठा करून बघितलं. नऊच. वरती गोल, खाली शेपूट. आता काय शंका राहिली?

“आला का?” आप्पा पाच पावलांवरून विचारत होते. सांगितल्याप्रमाणे लांब उभे होते, छत्रीवर दोन्ही हात. “कुंदा, आला का सेहेचाळीस?”

ओढणीच्या आत माझा अंगठा फोटो पुसायच्या बटणावर होता, हे आज कबूल करते. दाबलं असतं तर कुणाला कळलं असतं? हंस उद्या-परवा उडाले असते. सरांना म्हटलं असतं, नाही जमलं. आप्पांचा सेहेचाळीस आप्पांपाशी राहिला असता. पण मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. या माणसाची नजर मी आठ दिवस बघत होते. तिपाई केसभर कलली तरी त्यांना कळायची, टिटवी येणार हे टिटवीच्या आधी कळायचं. असा माणूस एवढा ढळढळीत नऊ ‘सहा’ म्हणून कसा वाचतो?

“आप्पा,” मी म्हटलं, “तो तिथेच उभा आहे. तुम्ही परत एकदा दुर्बिणीतून बघा.”

“फोटो नाही आला?”

“आधी बघा.”

ते गोणपाटावर टेकले. चष्मा खिशात. डोळा दुर्बिणीला. “सेहेचाळीस,” लगेच म्हणाले.

“शेवटचं अक्षर नीट बघा. काय दिसतंय?”

“नऊ दिसतोय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “नऊ दिसतोय?”

“हो. चार आणि नऊ दिसतोय.”

“मग सहा का म्हणता?”

“अगं, नऊ दिसतोय म्हणजेच सहा!” मूर्ख पोरीला समजवावं तशा सुरात ते म्हणाले. “इंग्रजी सहा उलटा केला की काय होतो? नऊ. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं ना? आमचा माणूस लांब आकड्यांची काठी घेऊन उभा राहायचा, त्याचे पाय वर आणि डोकं खाली दिसायचं. वीस वर्षं तसंच वाचलं मी. नऊ दिसला की सहा लिहायचा, सहा दिसला की नऊ. डोळे मिटूनसुद्धा लिहीन.”

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. चिखलातच.

“आप्पा, हंसाचे पाय कुठे आहेत?”

“काय?”

“दुर्बिणीत. या हंसाचे पाय वर आहेत की खाली?”

ते बघत राहिले. हंस चरत होता, मधूनच मान उचलत होता. समोर कुठेतरी कोतवाल पक्षी ओरडला. आप्पांचा डोळा दुर्बिणीवरून हलला नाही.

“खाली,” ते म्हणाले. मग डोळा दुर्बिणीवरून काढून, “सुलट दिसतंय गं हे.”

“हो.”

“ते पण सुलट होतं.”

“काय?”

“नवीन लेव्हल. त्याच सकाळी आली होती, पेटीतून काढली. साहेब म्हणाले, आजच लाव, उद्या मंत्री येतायत. मी म्हटलं, वा, हिच्यात माणूस सरळ उभा दिसतो!” ते उठले आणि मला हात देऊन उठवलं, आणि सत्तर वर्षांचा माणूस छत्री विसरून भरावावरून असा चालायला लागला की मला पळावं लागलं. “बाकी सगळे आकडे कळतात गं. चार उलटा असला तर चार दिसतच नाही. सहा आणि नऊ तेवढे फसवतात. सहा आणि नऊ!”

घरी पोचल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून कापडात बांधलेली वही काढली. मोजणीच्या वहीची त्यांनी स्वतः हातानं केलेली नक्कल. पानं इतकी हाताळलेली की कडा मऊ झालेल्या. “हजार वेळा तपासली,” ते म्हणत होते. “प्रत्येक बेरीज बरोबर. प्रत्येक वजाबाकी बरोबर. मला वाटायचं, मग पाणी का थांबलं? मला वाटायला लागलं की घेतलीच असेल आपण, आणि आठवत नसेल.”

सुंद्राकाकू पदराला हात पुसत दाराशी येऊन उभ्या होत्या.

आप्पांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांच्या झोकदार अक्षरात लिहिलं होतं, एक पूर्णांक सहा मीटर. “चिंचेपाशी. मोठा बांध आडवा आला म्हणून तिथे दुर्बीण हलवली, पुढचं सगळं या आकड्यावरून मोजलं. हा सहा नाहीच. हा नऊ. दुसऱ्या ओव्हरसिअरनं काय सांगितलं होतं? चूक एक फुटाची, तीस सेंटिमीटरची. नवातून सहा गेले किती राहिले, कुंदा?”

“तीन, आप्पा.”

“तीन!” ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि चष्मा खिशात आहे हे विसरून चष्मा शोधायला लागले. “अगं, ऐकलंस का? मी घेतली नव्हती! मी शुद्धीत चुकलो! पार शुद्धीत चुकलो!”

चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला रडू आलं आणि मी ते खोकल्यात घालवलं.

काकूंनी माझ्या हातातला कॅमेरा घेतला, फोटो बघितला, वहीतली ओळ बघितली. त्यांना इंग्रजी आकडे यायचे. वही त्यांनी उलटी फिरवली, सुलट केली, पुन्हा उलटी फिरवली.

“म्हणजे त्या दिवशी घेतली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नव्हती गं. सांगत होतो ना.”

“सांगत होतात,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी हळूच सटकले.

एच एकोणपन्नास जिवंत होता, तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा सरोवरावर त्याला पट्टा घातला होता, असं डबीर सरांना उत्तर आलं. सरांनी फोटो बघून नुसतं “अरे बाप रे” म्हटलं आणि मला तेवढं पुरलं. होळीच्या सकाळी तलाव रिकामा होता. रघूच्या हॉटेलात मी मोठा फोटो फ्रेम करून लावला आणि खाली लिहिलं, ‘नजर – वि. आ. मोहोळकर. बटण – कुं. झगडे.’ फोटोतला नऊ बघून लोक विचारायचे, मग आप्पा स्वतः उठून सहा-नऊची गोष्ट सांगायचे, समोरच्या गिऱ्हाइकाला चहाची बशी उलटी-सुलटी करून दाखवायचे. गाव आजही त्यांना उलटे आप्पाच म्हणतं. फरक एवढाच की त्यानंतर ते स्वतःही म्हणायला लागले.

धुळवडीला दुपारी मी त्यांच्याकडे त्या फोटोची दुसरी प्रत द्यायला गेले होते. घरात मटणाचा वास दरवळत होता. काकू चुलीपाशी, हातात पळी. आप्पा बाहेरून आले, कपाळाला गुलाल, सदऱ्यावर पोरांनी उडवलेला निळा रंग. वहाणा काढल्या आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्यात येऊन उभे राहिले. हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

काकू पळी घेऊन पुढे आल्या. क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“मिटा ते,” त्या म्हणाल्या. “माशी जाईल. आत या लवकर, रस्सा निवतोय.”